पाव आटा

मी फक्त बॅटरी धरली होती.
शनिवारची दुपार, क्लन गावामागचं पत्र्याचं हँगर,
आत मर्विन गॉफचं दोन खुर्च्यांचं विमान,
नाकावरचं झाकण काढलेलं,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखं.

मर्विनचे हात पन्नास वर्षं मेंढ्या कातरलेले.
मी टेलफर्डच्या फाउंड्रीतून निवृत्त,
लेथवर बत्तीस वर्षं.
मला तो विश म्हणतो, विश्वंभर त्याच्या जिभेला पेलत नाही.
शालनला फोनवर ते ऐकू येतं विष.
घ्या, म्हणते, आलं तुमच्या विषाला बोलावणं.

पेट्रोलची जाळी काढली, धुतली, फुंकली,
एक डोळा मिटून उजेडात पाहिली,
पुन्हा बसवली.
नळीचा नट त्यानं बोटांनी फिरवला.
आटा सरळ बसला. मी बघत होतो,
मला ते हात न लावता कळतं.
मग त्यानं पाना उचलला
आणि मी डबा उघडला.

कोथिंबीर वडी. गरम आहे तोवर खा, म्हणालो.
त्या हिरव्या विटा? म्हणत त्यानं पाना पंखावर ठेवला,
हात चिंधीला पुसले.
लोकरीच्या भावाबद्दल बोललो,
त्याच्या मुलीबद्दल, जी लीड्सला असते आणि फोन करत नाही.
शेवटची वडी मी त्याला बळंच दिली.
नंतर त्यानं झाकण लावलं.
वहीत लिहिलं: जाळी साफ केली, तपासलं. तारीख. सही.
पाना पंखावरून मी उचलला,
मीच पेटीत ठेवला, त्याच्या खाचेत,
हत्यार जागच्या जागी असावं ही माझी सवय.

जमिनीवर इंजिन गोड चाललं, दहा मिनिटं.

सातशे फुटांवर दोनदा खोकलं.
पुढचं मी खालून ऐकलं,
म्हणजे ऐकू येणं थांबलं.
कुठंतरी एक कोकरू ओरडत होतं.
पंखा काचेसमोर आडवा उभा, मर्विन नंतर सांगत होता,
पावणेतीन वाजल्यासारखा.

तो मागे वळला नाही, तेवढी अक्कल त्याला होती.
नाक खाली घातलं, समोर आलं ते घेतलं:
प्रोबर्टचं रेपसीड, पिवळंधमक, कमरेएवढं.
चाकं अडकली. विमान नाकावर उभं राहिलं,
आणि मग, विचार करून ठरवल्यासारखं, उलटं झालं.

मी पळालो, एकाहत्तराव्या वर्षी पळतात तसा.
तो पट्ट्याला उलटा लटकत होता,
केसांत फुलं, घोटा भलतीकडे,
आणि पेट्रोलचा वास माझ्या जिभेवर.
विश, म्हणाला, बॅटरी बंद कर.
त्याला विमानाची म्हणायची होती.
माझा हात खिशातल्या बॅटरीकडे गेला.

चौकशीला एक बाई आल्या, पेन्सिलवाल्या.
नट दोन बोटांनी फिरला, म्हणाल्या.
काम करताना सोबत कुणी होतं?
मर्विनचा प्लास्टरमधला पाय खुर्चीवर.
मी तिथंच, सिंकपाशी, किटली भरत.
नाही, तो म्हणाला. एकटाच होतो.
लक्ष उडालं. वय झालं.
त्यांनी लिहून घेतलं.

मी किटलीचं झाकण लावलं.
काढून पुन्हा लावलं.

ह्यावर आम्ही बोललो नाही.
तो बोलेल असं वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.
परवा शालननं वड्या तळल्या, म्हणाली, द्या नेऊन.
मर्विन फाटकाशी, काठी कुंपणाला टेकवून,
बिजागरीचा बोल्ट आवळत होता.
डबा बघितला त्यानं. घेतला नाही.
पाना माझ्यापुढे धरला. आधी हे.

घट्टच होता.
तरी मी जोर दिला,
आणि तो पाव आटा अजून गेला.
पुन्हा एकदा, मर्विन म्हणाला.
दगडी कठड्यावर
वड्या गार होत होत्या.